मगदूम हवालदारांची वादग्रस्त म्हैस

तपासाच्या तीन पद्धती असतात, असं कोल्हापूरच्या पेठेतल्या पोलीस ठाण्यात सगळेच मानायचे. पहिली, दम देऊन बघायचं. दुसरी, चहा पाजून बघायचं. आणि या दोन्हींनी काही हाती लागलं नाही तर तिसरी, दोन्ही पार्ट्यांना समोरासमोर बसवून "आता मिटवून टाका की" म्हणायचं. खरोखरचा तपास करणं ही चौथी पद्धत. ती ठाण्यात एकट्या हवालदार बाहुबली मगदुमांना येत होती, आणि म्हणूनच त्यांच्याकडे काम द्यायला सगळे घाबरायचे.

बाहुबली हे नाव ठेवताना आईवडिलांनी फार पुढचा विचार केला नसावा. माणूस अंगानं उसाच्या वाळक्या कांडीएवढा. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी पँट आपल्या मर्जीनं चालायची. घर शिरोळ तालुक्यातलं, जैन शेतकऱ्याचं. वडील उसाला पाणी पाजता पाजता पोराला शिकवायचे, "बाळ, एका बाजूनं बघून बोलू नये. परत्येकाच्या बोलण्यात थोडं खरं असतंय." मुनींच्या तोंडी शोभावं असं हे वाक्य पोलिसाच्या डोक्यात बसलं की काय होतं, ते ठाण्यातल्या लोकांना विचारा. मगदूम चोर पकडायचे, त्याची बाजू ऐकून घ्यायचे, ती नीट लिहून घ्यायचे आणि वर फिर्यादीला जाऊन सांगायचे, "तसं बघितलं तर त्याचंबी थोडं बरोबर हाय."

त्यात खात्यानं त्यांना पुण्याला शास्त्रोक्त तपासाच्या वर्गाला पाठवलं. इतर लोक तिथून सारसबागेतले फोटो घेऊन येतात; मगदूम पद्धत घेऊन आले. घरात बेसनाचे लाडू कमी भरले तर डब्याचं झाकण कुणी हलवू नये म्हणून त्यांनी भोवती खडूची रेघ मारली. बायकोचा, रूपालीवहिनींचा, जबाब घेतला. शेवटी त्यांची आई रत्नाबाई कंटाळून म्हणाली, "मीच खाल्लो रं. लिही आन् झोप."

"आव्वा, तशी कबुली घेता येत न्हाय. तुझ्यावर कुणाचा दबाव हाय का ते आधी सांग."

"हाय की. तुझ्या बायकोचा. साखर वाढलीया म्हणून लाडूला हात लावू देत न्हाय."

मगदुमांनी तेही लिहून घेतलं. आईच्या बाजूतही थोडं खरं होतंच.

एवढं सगळं असून त्यांची एकही केस कोर्टात शेवटाला गेली नव्हती. कुठं पंच उलटायचे, कुठं पार्ट्या आपसात गळ्यात गळे घालायच्या. यात मगदुमांची चूक नव्हती, पण खात्यात चूक कुणाची हे कोण बघतं? नवे निरीक्षक विजयसिंह इंगवले आले आणि त्यांनी मगदुमांना समोर उभं केलं.

"मगदूम, तुमची पद्धत ऐकून मी दमलो. ह्या पद्धतीनं आजवर कुणाला शिक्षा झालीय?"

"न्हाई साहेब."

"मग आता जी केस हातात येईल ती शेवटची समजा. त्यातही हात हालवत आलात तर उद्यापासून मुद्देमाल खोली."

मुद्देमाल खोली म्हणजे ठाण्याच्या मागची पत्र्याची खोली. जप्त केलेल्या सायकली, गंजलेल्या तलवारी, फुटके टीव्ही. तिथं बसलेल्या माणसाला कुणी गुन्हा विचारत नाही, फक्त किल्ली विचारतात. माणसाला आयुष्यात एखादंच काम मनापासून आवडतं. त्यांना तपास आवडायचा. तो काढून घेतला तर उरणार काय, पट्टा आणि पँट.

आणि नशीब बघा, पुढची केस म्हशीची आली.

मंगळवार पेठेतल्या बाळाबाईची चंद्री नावाची म्हैस गोठ्यातून चोरीला गेली होती. बाळाबाई बाई खमकी. नवरा ज्ञानू वारला तरी गोठा चालवत होती, दूध घालत होती आणि दूध पातळ आहे म्हणणाऱ्याची सात पिढ्यांची हजेरी घेत होती. पोलिसांच्या भरवशावर ती थांबली नाहीच. पायपीट करून तिनंच शोधलं, की म्हैस कळंब्याच्या हंबीररावाच्या गोठ्यात बांधलीय. हंबीरराव जनावरांचा दलाल. गोठा तिथल्या तुरुंगापासून हाकेच्या अंतरावर. गावातले लोक म्हणायचे, जाण्यायेण्याची सोय बघूनच बांधलाय.

हंबीररावानं कानावर हात ठेवले. "ही म्हैस माझी. चंदगडच्या बाजूनं घेतली आन् टेम्पोतनं थेट कळंब्याला आणली. तिनं कोल्हापूर शहर बघितल्यालंच न्हाय."

म्हशीच्या कानातला सरकारी नंबराचा बिल्ला नव्हता. तो असता तर प्रश्नच मिटला असता. बिल्ल्याच्या जागी कान फाटलेला होता, आणि हंबीरराव म्हणत होता की काटेरी तारेत अडकून फाटला. दोन्हीकडे शपथेवर सांगणारी माणसं तयार होती. कोल्हापुरात शपथेवर सांगणाऱ्या माणसांची टंचाई कधीच नसते.

म्हैस जप्त होऊन ठाण्याच्या मागच्या अंगणात लिंबाला बांधली गेली, आणि मगदुमांची पद्धत सुरू झाली.

पहिला नियम त्यांनी असा काढला, की म्हशीला कुणी चंद्री म्हणायचं नाही. "ओळख अजून पटायची हाय. नाव घेतलं म्हंजे निकाल दिल्यागत झालं." कागदोपत्री आणि तोंडी ती झाली 'वादग्रस्त म्हैस'. महिला पोलीस संयोगिता गावाकडची, धार काढणारी. ती रोज सकाळी वादग्रस्त म्हशीची धार काढायची आणि साऱ्या ठाण्याला वादग्रस्त दुधाचा चहा मिळायचा. चहा इतका फक्कड व्हायचा की शेजारच्या ठाण्यातले लोक 'कामानिमित्त' येऊ लागले. मगदूम तेवढे कोरा चहा प्यायचे. "मुद्देमालाचं दूध हाय ते. पुरावा पितात व्हय कुणी?"

दुसरा नियम मात्र जिव्हारी लागणारा होता. ओळख परेडीच्या आधी वस्तू दावेदाराला दाखवायची नाही, हे पुण्यात शिकवलेलं. त्यामुळं बाळाबाईला फाटकाच्या आत यायला बंदी. ती बाहेर रस्त्यावर उभी राहायची. आतून म्हैस हंबरली की तिचा चेहरा बघवायचा नाही.

"आण्णा, येकदा नुसतं पाठीवरनं हात फिरवतो. जातो लगीच."

"न्हाई बाळाक्का. परेडीच्या आधी भेट न्हाई."

"अवं, सरकी तरी घाला तिला माझी. सुकल्या पाक."

"एका पार्टीचं घेता येत न्हाई. हंबीररावांनीबी तेवढीच दिली तर घेतो."

"मुडदा बशिवला तुझ्या पद्धतीचा!" बाळाबाईनं भर रस्त्यात बोटं मोडली. मगदूम मान खाली घालून आत गेले. हंबीररावानं सरकी काही पाठवली नाही; आपली म्हैस म्हणणाऱ्यानं म्हशीच्या पोटाची चौकशीसुद्धा केली नाही. मगदुमांनी मग स्वतःच्या पैशानं पेंड आणली आणि गुपचूप घातली. हे पद्धतीत बसतं का, याचा विचार त्यांनी त्या दिवसापुरता टाळला. वाईट वाटत होतं त्यांना, खूपच वाटत होतं.

आता परेड. नियम असा, की वादातली वस्तू तिच्यासारख्याच दिसणाऱ्या वस्तूंत मिसळायची. म्हणजे एका म्हशीसाठी आणखी पाच तशाच म्हशी पाहिजेत. बाहेरून आणायच्या तर टेम्पोचं भाडं कोण देणार? मगदूम मंगळवार पेठेतल्या गवळ्यांकडेच गेले. गल्ली जवळ, म्हशी भरपूर. इथंच ते चुकले, पण ते कळायला अजून अवकाश होता.

"तुमची म्हैस त्या म्हशीसारखी दिसतीया, तेवढी सकाळपुरती द्या," असं त्यांनी पहिल्या घरी म्हटलं आणि घरमालक अंगावरच आला.

"माझ्या म्हशीगत दुसरी म्हैस? आण्णा, जीभ आवरा! पाडव्याला पैला नंबर काढलाय तिनं. तिच्यागत तीच!"

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. मंगळवार पेठेत माणसाला दुसऱ्यासारखा दिसतोस म्हटलेलं चालतं, म्हशीला नाही. शेवटी मगदुमांनी सांगायला सुरुवात केली, "बाकीच्या म्हशी हिच्यापुढं फिक्या पडाव्यात म्हणून न्यायची हाय." हे वाक्य खोटं होतं, दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रायश्चित्त म्हणून उपास केला, पण म्हशी मिळाल्या.

पंच मिळणं त्याहून अवघड. पंच तटस्थ पाहिजे, दोन्ही पार्ट्यांना न ओळखणारा. कोल्हापुरात असा माणूस शोधून दाखवा. मगदूम ज्याला विचारतील, "बाळाबाईला ओळखता?" तो छाती फुगवून सांगायचा, "म्हंजे काय! आमच्या चुलत्याच्या साडूची मामी!" हंबीररावाचं नाव घ्यावं तर, "त्यो व्हय? बैल घेतल्ता आम्ही त्याच्याकडनं. फसिवला, पन मानूस झ्याक." अखेर मगदूम एसटी स्टँडवर गेले आणि चंदगडची गाडी लागते तिथं उभ्या असलेल्या दोघांना धरून घेऊन आले. एक गणपतराव, दुसरे त्यांचे मेहुणे गुंडू. काजू फोडायच्या यंत्राचा पार्ट घ्यायला आले होते बिचारे.

"साहेब, आमची गाडी हाय," गणपतराव कळवळून म्हणाले.

"पावणं, अर्ध्या तासाचं काम. म्हैस बघायची नुसती."

"म्हशी काय चंदगडात न्हाईत व्हय?" गणपतराव म्हणाले, पण आले. गुंडू काहीच म्हणाले नाहीत. ते त्या दिवशी शेवटपर्यंत काही म्हणाले नाहीत.

परेडीच्या सकाळी ठाण्याच्या अंगणात सहा म्हशी ओळीनं उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या पाठीवर खडूनं नंबर. वादग्रस्त म्हैस चौथी. तिचा कान फाटलेला असल्यानं ती लगेच ओळखू आली असती, म्हणून मगदुमांनी पद्धतीप्रमाणे सहाही म्हशींच्या डाव्या कानाला पांढरी पट्टी बांधली होती. दातदुखीच्या दवाखान्याबाहेर बाया रांग लावून बसाव्यात तशा त्या दिसत होत्या. नवा कायदा आल्यापासून असल्या गोष्टींचं चित्रीकरण करावं लागतं. मगदुमांनी मोबाईल वर धरला आणि तारीख, ठिकाण मोठ्यानं सांगितलं. इंगवले साहेब खुर्ची टाकून बसले. ठाण्यात त्या दिवशी कुणी रजेवर नव्हतं.

आधी हंबीररावाला आत घेतलं. तो ओळीसमोरून रुबाबात चालला आणि म्हणाला, "चार नंबर."

त्याला बाजूला बसवून बाळाबाईला बोलावलं. ती फाटकातून आत आली, ओळीकडे बघायची तिला गरजच पडली नाही. थेट जाऊन चौथीच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली.

मगदूम मोबाईल धरून उभेच राहिले. दोघांनीही एकच म्हैस ओळखली होती. ओळखणारच, एकीनं पाळली होती आणि दुसऱ्यानं चोरली होती. चोराला चोरलेली वस्तू ओळखता येते, हे पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. दोघांची ओळख पद्धतीप्रमाणे बरोबर होती आणि पद्धतीप्रमाणे त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं.

अंगणात आधी एक जण हसला, मग सगळे. साहेब हसता हसता म्हणाले, "मगदूम, मुद्देमाल खोलीची किल्ली घेऊन जावा जाताना."

मगदुमांच्या डोळ्यांपुढं गंजक्या सायकली आल्या. पण त्याहून वाईट होतं ते समोर. म्हैस कुणाची ठरत नाही म्हटल्यावर ती ज्याच्या ताब्यातून आणली त्याच्याकडे, म्हणजे हंबीररावाकडे परत जायची शक्यता. इतके दिवस आपण ह्या बाईला म्हशीला हात लावू दिला नाही, ते यासाठी?

"मानसांस्नी काय इचारताय?" बाळाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "म्हशीलाच इचारा की, कुणाची हाय त्ये."

"ते कसं?"

"माझी फटफटी आनतो. आवाज ऐकून आली तर माझी. न्हाई आली तर न्या कळंब्याला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात, आणि त्या माणसामागं पळत नाहीत, मोटारसायकलीमागं पळतात. मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेली गाडी भरधाव हाणतो आणि म्हैस आपल्या गाडीचा आवाज ओळखून मागं सुटते. बाळाबाईचा ज्ञानू ह्या खेळातला दादा माणूस. तो गेल्यावर चंद्री हाकेला येईना, वैरणीला येईना. मग ह्या बाईनं नऊवारी खोचून साठीच्या घरात ती जुनी फटफटी शिकून घेतली. रोज संध्याकाळी गल्लीतून एक फेरी मारायची आणि म्हैस मागून यायची. ज्ञानूची आठवण आणि म्हशीचा व्यायाम दोन्ही व्हायचं.

मगदुमांनी मनातल्या मनात सगळे नियम चाळले. म्हशीला विचारू नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. शिवाय म्हशीचीही एक बाजू असणारच. ती आजवर कुणी ऐकून घेतली नव्हती. "पण संधी दोन्ही पार्ट्यांना सारखी," ते म्हणाले. "आधी हंबीररावांची गाडी."

हंबीररावाची गाडी नवी कोरी. त्यानं ती चालू केली, पिळली, हॉर्न वाजवला. सहाही म्हशी रवंथ करत राहिल्या. दोन नंबरनं शेण टाकलं.

"माझी म्हैस सरळ हाय," हंबीरराव म्हणाला. "तिला असली शहरातली थेरं म्हायती न्हाईत. तिनं शहर बघितल्यालंच न्हाय."

मगदुमांनी हे लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?"

"येकदम बरोबर."

मग मागचं फाटक उघडून बाळाबाईनं आपली फटफटी आत आणली, वळवून उभी केली आणि किक मारली. पहिल्या किकेला ठसका, दुसऱ्या किकेला धूर, आणि तिसऱ्या किकेला असा काही बार उडाला की साहेबांच्या हातातला वादग्रस्त चहा सांडला.

चौथ्या म्हशीनं मान वर केली. मगदुमांनी मोबाईल तिच्याकडं वळवला. पण मान वर केली होती पहिलीनं. दुसरीनं. सहाही जणींनी.

आता मगदुमांची चूक त्यांच्या ध्यानात आली. पाचही म्हशी त्याच गल्लीतल्या! ज्ञानूची फटफटी म्हणजे साऱ्या गल्लीची पाडव्याची गाडी. तिच्यामागं पळून पळूनच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. दावी धरून उभ्या असलेल्या पोलिसांनी आधी दावी सोडली आणि मग जीव वाचवला. सहा म्हशी पट्ट्या फडफडवत बाळाबाईच्या दिशेनं सुटल्या.

बाळाबाई काय करणार? ती रोज करते तेच तिनं केलं. गिअर टाकला आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

"पंच, चला!" मगदूम ओरडले. "मुद्देमालावरची नजर हलवू नका!" आणि एका हातानं पँट, एका हातानं मोबाईल सावरत ते धावत सुटले.

पुढं नऊवारीतली बाळाबाई फटफटीवर, तिच्यामागं सहा म्हशी, म्हशींमागं मगदूम, त्यांच्याबरोबर गणपतराव आणि न बोलणारे गुंडू, आणि सगळ्यांत मागं बोंबलत येणारा हंबीरराव. चहाच्या गाडीवरच्या लोकांनी पेले धरून टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "आँ? पाडवा आजच हाय व्हय?" एक आजोबा उंबऱ्यातून उठून मोठ्यानं म्हणाले, "नाद करायचा न्हाय बाळाक्काचा!"

गल्लीत शिरल्यावर मगदुमांनी जे बघितलं ते त्यांना जन्मात विसरता यायचं नाही. तालमीच्या कोपऱ्यावर एक नंबरची म्हैस आपली आपण वळली आणि तिच्या मालकाच्या दारात शिरली. पुढं दोन नंबर वळली, पिंपातलं पाणी प्यायला लागली. मग सहा, मग तीन. फेरी संपवून ज्या दारातून रोज निघतात त्या दारात त्या जात होत्या. कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलं नाही. पाच नंबरनं तर वाटेतल्या भाजीवालीची मेथी उचलली आणि मग घर गाठलं. हळूहळू रस्त्यावर एकटी चार नंबर उरली.

बाळाबाईनं गाडी आपल्या दारात बंद केली आणि वळून बघितलं. चार नंबर तिला ओलांडून पुढं गेली, गोठ्याच्या बुटक्या दारात सवयीनं मान खाली घातली, आत कोपऱ्यातल्या गव्हाणीपाशी जाऊन उभी राहिली आणि त्या मंडळींकडे बघून हंबरली. गव्हाण रिकामी का, अशी तक्रार होती ती.

गणपतराव दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होते. "साहेब, लिवून घ्या. ही चंदगडची न्हवं. आमच्याकडच्या म्हशी असला आवाज ऐकला की रानात पळत्यात, गाडीच्या मागं न्हाई लागत."

तेवढ्यात हंबीरराव पोहोचला. मगदुमांचा स्वभाव काही सुटला नव्हता. ते दम घेत म्हणाले, "हंबीरराव, तुमची बाजू सांगा. परत्येकाची एक बाजू असतीया."

हंबीररावानं म्हशीकडे बघितलं, गव्हाणीकडे बघितलं, जमलेल्या गल्लीकडे बघितलं. हळूच म्हणाला, "आण्णा, मिटवूया की."

"ही बाजू न्हवं," मगदूम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोरच्याच्या बोलण्यात थोडंसुद्धा खरं सापडलं नाही.

ठाण्यात परत येईस्तोवर मगदूम तरंगत होते. साहेबांनी हात पुढं केला. "दाखवा चित्रीकरण."

अंगणातला भाग झकास आला होता. फाटक आलं, फटफटी आली, म्हशी सुटल्या. आणि तिथून पुढं, सारी गल्ली पार होईपर्यंत, पडद्यावर फक्त मगदुमांचा चेहरा होता. पँट सावरताना बोट कुठंतरी लागून कॅमेरा उलटा फिरला होता. उघडं तोंड, उडणारी टोपी, नाकपुड्या. एकही म्हैस नाही, एकही दार नाही. साऱ्या तपासाचा पुरावा म्हणजे तपास करणाऱ्याच्या नाकाचे केस.

ठाणं हसून लोळायला लागलं. मगदूम खाली बसले. म्हैस घरी गेली होती, पण चित्रीकरण नव्हतं, आणि हंबीररावाचा वकील नेमकं तेच विचारणार होता. त्यांनी उठून टेबलावरची मुद्देमाल खोलीची किल्ली उचलली.

"थांबा," साहेब म्हणाले. ते हसायचे थांबले होते. "मगदूम, तुमच्या तोंडाकडं बघू नका. तुमच्या मागं बघा. आवाज वाढवा."

मगदुमांच्या उजव्या खांद्यामागून हंबीरराव पळत येत होता, धोतराचा सोगा हातात, आणि रस्त्यावरच्या लोकांना जिवाच्या आकांतानं ओरडून सांगत होता, "आडवा रं तिला! गल्लीत शिरली तर सपलं! घर ठावं हाय तिला, थेट गोठ्यात जाईल!"

सगळे मोबाईलभोवती जमले. ह्याच माणसानं थोड्याच वेळापूर्वी पंचांसमोर सांगितलं होतं, की तिनं शहर बघितलेलंच नाही. एकदम बरोबर, असंही म्हणाला होता.

सगळ्यांच्या आधी आक्षेप कुणी घ्यावा? मगदुमांनीच. "पण साहेब, पोलिसापुढं दिल्याली कबुली कोर्टात चालत न्हाई."

"अहो, तुम्हाला कुठं दिलीय? साऱ्या मंगळवार पेठेला दिलीय!" साहेबांनी त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि खिळ्याला अडकवली. "जावा, दोषारोपपत्र लिहायला घ्या. आणि त्या दोघा पावण्यांना गाडीतनं स्टँडवर सोडा. पुन्हा असले पंच मिळायचे नाहीत."

हंबीररावाच्या खटल्याचं पुढं काय व्हायचं ते कोर्ट बघेल. म्हैस बाळाबाईकडे सोपवायचा हुकूम मात्र लवकर आला. तोपर्यंत ती नियमाप्रमाणे पुन्हा ठाण्याच्या लिंबालाच होती, कारण मगदुमांनी तिला त्याच दिवशी गोठ्यातून परत आणलं होतं. होय, आणलं होतं. बाळाबाईनं तेव्हा दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण आता भेटीला बंदी नव्हती. रोज ती यायची, सरकी घालायची, आणि मगदुमांकडे पाठ करून बसायची.

हुकूम हातात पडला तेव्हा दिवस कलत होता. दावं धरून मगदूम स्वतः चालत म्हैस घेऊन गेले. बाळाबाई दारातच होती. तिनं म्हशीला पुढ्यात घेतलं, तिथंच बसून धार काढली आणि फेसाळतं दूध पितळी पेल्यात भरून पुढं केलं.

"आता तरी घेता का? का अजून पुरावा हाय?"

मगदुमांनी हातातला हुकूम पुन्हा एकदा वाचला. वर बघितलं, दिवस मावळायला थोडा अवकाश होता, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही हा जैनांचा नियमही मोडत नव्हता. धर्मातही बसत होतं आणि पद्धतीतही. त्यांनी पेला तोंडाला लावला तो खाली केलाच नाही. ओठावर फेसाची मिशी उमटली.

म्हशीनं पेल्यात काय उरलंय ते बघायला तोंड पुढं केलं. मगदूम मागं सरकले, मिशी पुसली आणि तिच्या फाटक्या कानामागं हळूच खाजवत म्हणाले, "सर की गं, चंद्रे."

बाळाबाईनं झटकन वर बघितलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडं बघून हसत तिनं पेला पुन्हा भरून दिला.